गूढाला मिस्त्री मिळेना

आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या अंगणांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे. बांधली तेव्हा हद्द दाखवायला बांधली, आता तिचा उपयोग कोपर टेकायला होतो. सांगलीच्या विश्रामबागेत असे बैठे बंगले झपाट्याने कमी होत चाललेत. त्यामुळे भिंतीवरच्या गप्पांचा सगळा भार आम्हा दोघींवर येऊन पडला आहे आणि तो आम्ही कुरकुर न करता वाहतो.

परवा सकाळी काकू भिंतीशी आल्या आणि म्हणाल्या, "चार पानं कढीपत्ता दे गं." काकूंच्या परसातलं कढीपत्त्याचं झाड माझ्या झाडाच्या दुप्पट आहे. मी ओळखलं, विषय मोठा आहे.

"डोळे का लाल झालेत काकू?"

"झोपच नाही. ती पोरगी डोळ्यांसमोरून हलेना."

"कुठली पोरगी?"

"लिफ्टमधली गं! एकवीस वर्षांची. आत शिरते काय, कोपऱ्यात दडते काय, बाहेर डोकावते काय, हातवारे करते काय... आणि दार म्हणून काही बंद होत नाही!"

मला वाटलं, चौकातल्या नव्या इमारतीत कुणी अडकलं. खोदून विचारलं तेव्हा कळलं की लिफ्ट अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसची आणि गोष्ट २०१३ सालची. काकूंचा नातू सुट्टीला आला होता. त्याने टीव्हीवर त्या प्रकरणावरची चार भागांची मालिका लावली, नेटफ्लिक्सवर २०२१ मध्ये आलेली. दोन भाग बघून नातू कंटाळून उठला. काकू चारही भाग बघून उठल्या आणि मग अंथरुणात पडून फोनवर 'अनसुलझा रहस्य'वाले हिंदी व्हिडिओ बघत बसल्या. मालिकेने बऱ्याच गाठी सोडवल्या होत्या, त्या व्हिडिओंनी पुन्हा मारल्या. सकाळपर्यंत काकूंकडे खुनाच्या चार तऱ्हा आणि भुताची एक, एवढा ऐवज जमला होता.

त्या मुलीचं नाव काकूंना अर्थातच पाठ झालं होतं. मी ते इथे लिहीत नाही. त्या नावाचं जगभर पुरेसं चर्वण झालेलं आहे.

"कॅनडातली गं," काकू सांगू लागल्या. "व्हँकुव्हरच्या विद्यापीठात शिकणारी. आईवडील मूळचे हाँगकाँगचे, तिकडे रेस्टॉरंट चालवणारे. पोरगी एकटीच फिरायला निघाली, रेल्वेने, बसने. सॅन डिएगोचं प्राणिसंग्रहालय बघितलं, मग लॉस एंजेलिसला आली. घरी रोज फोन करायची हो! ३१ जानेवारीला फोन आला नाही. त्याच दिवशी हॉटेल सोडून पुढच्या गावाला जायची होती. घरच्यांसाठी पुस्तकांच्या दुकानातून भेटवस्तू घेऊन ठेवलेल्या. आणि उतरली कुठे, तर त्या सेसिल हॉटेलात!"

'सेसिल' म्हणताना काकूंनी आवाज असा खाली आणला की मांजर कान टवकारून बसलं.

"काय आहे त्या सेसिलमध्ये?"

"काय नाही ते विचार! १९२४ सालचं हॉटेल. चौदा मजले, सातशे खोल्या. किती जणांनी जीव दिला तिथे, किती खून. तो रिचर्ड रामिरेझ, माणसं मारत सुटला होता तो, तोही तिथे राहून गेलेला म्हणतात. वास्तूच वाईट."

"काकू, मंदीत सापडलेलं हॉटेल, स्वस्त भाडं, आणि पलीकडे स्किड रो. हजारो बेघर माणसं तिथल्या फुटपाथवर राहतात. सातशे खोल्या नव्वद वर्षं भाड्याने दिल्यावर आत काय फक्त बारशी होणार?"

"मग अशा ठिकाणी शिकलेली पोरगी जाईलच कशी?"

"कारण तिला दिसलं ते वेगळं होतं. २०११ मध्ये मालकांनी त्याच इमारतीतल्या काही मजल्यांना 'स्टे ऑन मेन' असं झकास नाव दिलं आणि तरुण प्रवाशांसाठी स्वस्त खोल्या म्हणून जाहिरात केली. व्हँकुव्हरला बसून फोटो बघणाऱ्या पोरीला पलीकडची गल्ली कशी दिसणार? यात वास्तुदोष नाही, जाहिरात आहे."

काकूंना हे आवडलं नाही. वास्तुदोषात जी रंगत आहे ती जाहिरातीत नाही. त्यांनी मोर्चा लिफ्टकडे वळवला.

तर लिफ्टची गोष्ट अशी. मुलगी सापडेना, धागादोरा मिळेना, म्हणून फेब्रुवारीच्या मध्यावर पोलिसांनी हॉटेलच्या लिफ्टमधलं कॅमेऱ्याचं चित्रण लोकांपुढे ठेवलं. मुलगी आत येते, बटणांची अख्खी ओळ दाबते, कोपऱ्याला चिकटून उभी राहते, हळूच बाहेर डोकावते, बाहेर जाते, परत येते, हवेत हात फिरवते. आणि तेवढ्या वेळात दार उघडंच. पोलिसांचा प्रश्न साधा होता, हिला कुणी पाहिलंय का? लाखो लोकांनी ते चित्रण पाहिलं आणि उत्तर दिलं ते दुसऱ्याच प्रश्नाचं. आम्हाला काय वाटतं, हे! कुणी म्हणालं, बाहेर खुनी उभा आहे. कुणी म्हणालं, अंगात आलंय. कुणी कोपऱ्यातल्या पुसट आकड्यांवरून ठरवलं की पोलिसांनीच मधला तुकडा कापलाय. दहशतवादी, गुप्तहेर, सरकारी कट, काहीही शिल्लक राहिलं नाही.

"पण दार का बंद होत नाही? एवढंच सांग मला," काकूंनी भिंतीवर थाप मारली.

माझे धाकटे दीर पुण्यात लिफ्टच्या देखभालीच्या कामात केस पांढरे करून बसलेत. मी त्यांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"भाऊजी, लिफ्टचं दार दोन मिनिटं उघडंच राहिलं तर काय समजायचं?"

"कुणीतरी होल्ड दाबलंय. काय वहिनी, कुठं अडकलात?"

"मी नाही. त्या मुलीने बटणांची अख्खी उभी ओळ दाबली होती."

"मग झालंच की. त्या ओळीत दार धरून ठेवायचं बटण असणार. सामान चढवायचं असलं, स्ट्रेचर न्यायचं असलं की ते दाबतात. दाबलं की दार तेवढा वेळ हलत नाही. वेळ संपली की आपोआप मिटतं."

"मिटतं की! ती निघून गेल्यावर मिटतं!" काकू ओरडल्या.

"मग बरोबर चालतेय लिफ्ट. तक्रार काय आहे?"

"भाऊजी, भुताचं काही असू शकतं का हो?" काकूंनी आशेने विचारलं.

"काकू, भुताचा मेंटेनन्स आमच्याकडे नाही. आम्ही फक्त दार, दोर आणि मोटर बघतो."

फोन ठेवला. काकू जरा हिरमुसल्या. मला मात्र त्या क्षणी एक गोष्ट लख्ख उमगली, ती मी काकूंना ऐकवून टाकली. ज्याचा मिस्त्री आपल्याला भेटला नाही, त्यालाच आपण गूढ म्हणतो. आणि गंमत अशी की मिस्त्री कुणाला नकोच असतो. मिस्त्री आला की गप्पा संपतात.

"झालं तुझं? आता टाकीचं सांग. तिथे काय करतेस बघू," काकू म्हणाल्या.

एवढ्यात आतून काका बाहेर आले. काका पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेत. 'टाकी' हा शब्द त्यांना तीन भिंतींपलीकडून ऐकू येतो. 'चहा' हा शब्द सोडला तर दुसरा कुठलाच इतक्या लांबून ऐकू येत नाही.

"कसली टाकी?"

टाकीची गोष्ट ऐकायला जीव घट्ट करावा लागतो. हॉटेलातल्या लोकांच्या तक्रारी येऊ लागल्या की नळाला पाणी बारीक येतंय, चव बरी नाही. १९ फेब्रुवारीला देखभालीचा माणूस गच्चीवर गेला. तिथे पाण्याच्या चार टाक्या, पुरुषभराहून उंच, साधारण हजार गॅलनच्या. त्यातल्या एका टाकीत ती सापडली. तोवर एकोणीस दिवस झाले होते. बाहेर काढायला टाकी कापावी लागली.

"अरे देवा," काका म्हणाले आणि पायरीवर बसले.

"आता सांगा," काकू म्हणाल्या, "टाकीचं झाकण बंद होतं. आत पडलेला माणूस बाहेरून झाकण कसं लावेल? म्हणजे कुणीतरी टाकलं आणि लावलं!"

हा मुद्दा ऐकून कुणाच्याही अंगावर काटा येईल. खुनाच्या सगळ्या तर्कांचा पाया हाच. पण कोर्टात लघुलेखिका म्हणून माझी सगळी नोकरी गेली. किती साक्षी उतरवून घेतल्या त्याची गणती नाही. आमच्याकडे साक्षीदार बोलायला लागला की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, तुम्ही स्वतः पाहिलं की ऐकलं? ऐकलं म्हणाला की वकील लगेच उठून उभे.

"काकू, झाकण बंद होतं असं कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतात."

"सगळे गच्चीवर होते?"

"नव्हते."

"गच्चीवर एक माणूस होता. तो देखभालवाला. पुढे आईवडिलांनी हॉटेलवर दावा लावला, तेव्हा त्या माणसाचं म्हणणं शपथेवर नोंदवलं गेलं. तो काय म्हणाला माहीत आहे? टाकीचं झाकण उघडं दिसलं, म्हणून मी आत डोकावलो."

काकू गप्प. मग बारीक आवाजात म्हणाल्या, "उघडं होतं?"

"उघडं. बंद असल्याचं कुणाच्यातरी तोंडून सुटलं, ते पसरलं. उघडं असल्याचं शपथेवर आलं, ते फायलीत राहिलं."

"पण मग तिला वर येता आलं नसतं का? पोहता येत नसलं तरी हात तर पोचला असता ना झाकणापर्यंत?"

इथे काकांनी चष्मा काढला. काका चष्मा काढतात म्हणजे खात्याचं बोलणार.

"अगं, टाकी भरलेली असताना पाणी काठाशी असतं. उतरणाऱ्याला वाटतं, हे काय, हात टेकला की बाहेर. पण खाली सातशे खोल्यांचे नळ चालू आहेत. पातळी उतरत जाते. पाणी जसं खाली, तसं झाकण वर. आतून शिडी नाही, भिंती गुळगुळीत, धरायला काही नाही. आमच्याकडे टाकी धुवायला माणूस उतरवताना वरती दुसरा माणूस दोर धरून उभा असायचा, तो उगाच नव्हे."

"पण पोलीस कुत्री घेऊन गच्चीवर गेले होते. त्यांनी का नाही उघडली?"

"टाकीत माणूस असेल हे कुणाच्या डोक्यात येतं? टाकीत पाणी असतं."

"आणि गच्चीच्या दाराला गजर होता म्हणे. वाजला नाही!"

"दाराला होता," मी म्हटलं, "पण इमारतीच्या बाहेरून आगीच्या वेळच्या लोखंडी जिन्याने गच्चीवर जाता येत होतं. त्या जिन्याला कसला गजर?"

काकूंनी शेवटचे दोन हुकुमी पत्ते काढले. एक सिनेमा आणि एक चाचणी. 'डार्क वॉटर' नावाचा जपानी भयपट २००२ सालचा, त्याचा इंग्रजी अवतार २००५ सालचा. त्यात गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत मुलगी सापडते, नळाला काळं पाणी येतं, लिफ्टही आहे. आणि चाचणी क्षयाची. त्याच महिन्यात स्किड रोमध्ये क्षयाची साथ होती आणि क्षयाच्या एका चाचणीचं नाव या मुलीच्या नावाशी अक्षरशः जुळतं, फक्त पुढचं मागे.

"याला काय म्हणशील?"

"कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, असं म्हणेन. त्या चाचणीतली एलायझा ही तपासण्याची पद्धत १९७१ सालची, मुलगी जन्मली १९९१ मध्ये. तिच्या आईबापांनी काय भविष्य बघून नाव ठेवलं? आणि सिनेमाचं म्हणाल तर उंच इमारत म्हटली की वर टाकी, आत लिफ्ट असायचीच. जुळलं तेवढं लोकांनी मोजलं. जुळलं नाही ते मोजायला कुणी बसलं नाही."

काकांना हे पटलं. ते अर्नाळकरांच्या झुंजारच्या रहस्यकथांवर वाढलेले. अशा गोष्टी एकदा सांगायला लागले की थांबत नाहीत. म्हणाले, "तुम्ही पोरं म्हणता हे मोबाइलमुळे झालं. काही नवीन नाही. न्यूयॉर्कला १८४१ मध्ये तंबाखूच्या दुकानात काम केलेली एक देखणी मुलगी नाहीशी झाली आणि तीन दिवसांनी हडसन नदीत सापडली. तेव्हाची वर्तमानपत्रं महिनोन्महिने नुसते तर्क छापत होती. एडगर अॅलन पोने तर फिलाडेल्फियात बसून, त्याच कात्रणांवरून, मुलीचं नाव बदलून, गाव पॅरिस करून रहस्यकथा लिहिली. गुन्हा आजतागायत उलगडला नाही. गोष्ट मात्र अजून छापतात."

"बघा! लेखकसुद्धा करतात," काकूंना बळ आलं.

"लेखकच जास्त करतात," काका म्हणाले. "१९२६ च्या डिसेंबरात खुद्द अगाथा ख्रिस्ती अकरा दिवस बेपत्ता. मोटार एका उतारावर सोडलेली, आत फरचा कोट. पोलीस, हजारो स्वयंसेवक, विमानं, सगळे झुडपं धुंडाळतायत. नवऱ्यावर संशय. आणि शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉइल यांनी काय केलं? बाईंचा एक हातमोजा मिळवला आणि अतींद्रिय शक्तीवाल्या माणसाकडे पाठवून दिला."

"होम्सच्या बापाने?" मी थक्क.

"होम्सच्या बापाने! आणि सापडल्या कशा? हॅरोगेटच्या हॉटेलात नवऱ्याच्या मैत्रिणीचं आडनाव लावून राहत होत्या. हॉटेलच्या वाद्यवृंदातल्या वादकांनी चेहरा ओळखला, पोलिसांना सांगितलं. जो रोज समोर बघत होता त्याने शोधलं. झुडपांत कुणाला काही मिळालं नाही."

काकू हसल्या, पण लगेच म्हणाल्या, "असू दे. ख्रिस्तीबाईंच्या वेळी कुणाचं काय बिघडलं? चार लोकांनी तर्क केले. तर्क करायला काय पैसे पडतात?"

"आपल्याला पडत नाहीत," मी म्हटलं. "मालिकेतला तो मेक्सिकोचा गायक आठवतो का?"

काकूंनी मान खाली घातली. आठवत होता.

मेटल प्रकारचं संगीत करणारा एक तरुण. काळे कपडे, चेहऱ्याला रंग, गाण्यांत मृत्यू आणि रक्त. त्या प्रकारच्या गाण्यांत ते असतंच, आपल्याकडे तमाशात गवळण असते तसं. तो सेसिलमध्ये राहून गेला होता आणि तिथला व्हिडिओही त्याने टाकला होता. झालं, लोकांनी गुन्हेगार पकडला. त्यांच्या लेखी हॉटेल तेच, माणूस भयानक आणि गाण्यात पाण्याचा उल्लेख. बाकी काय हवं? फक्त एक किरकोळ गोष्ट आड येत होती. तो राहून गेला ते वर्षभर आधी. मुलगी गेली तेव्हा तो मेक्सिकोत होता. हे त्याने ओरडून सांगितलं. कुणी ऐकलं नाही. धमक्यांवर धमक्या आल्या, त्याची खाती बंद पडली, संगीत थांबलं, आणि एके दिवशी त्याने स्वतःचा जीव घ्यायचा प्रयत्न केला. वाचला. मालिकेत हे सगळं तो स्वतःच्या तोंडाने सांगतो.

"कोर्टात आरोपीला निदान वकील मिळतो काकू. उलटतपासणी होते. इथे आधी शिक्षा, मग आरोप आणि पुरावा कधीच नाही."

त्याच वर्षीचं अजून एक सांगते. बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये एप्रिल २०१३ मध्ये स्फोट झाले. त्याआधी महिनाभर ब्राउन विद्यापीठातला एक भारतीय वंशाचा विद्यार्थी बेपत्ता होता. घरचे त्याचे फोटो लावून जगाकडे मदत मागत होते. पोलिसांनी संशयितांचे धूसर फोटो दिले आणि लोकांनी रातोरात ठरवलं, हाच तो! ज्या पानावर आईवडील 'आमचा मुलगा शोधा' म्हणत होते त्या पानावर शिव्या येऊन पडल्या. काही दिवसांनी तो नदीत सापडला. स्फोट झाले तेव्हा तो जिवंतच नव्हता. ज्या संकेतस्थळावर हे सगळं पिकलं त्याच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. ती माफी त्या आईने ठेवायची कुठे?

काका काही बोलले नाहीत. काकू कढीपत्त्याची पानं काडीपासून एकेक सुटी करत होत्या.

"म्हणजे तुझं म्हणणं, आपण बघायचं आणि तोंडाला कुलूप लावून बसायचं?" काकू म्हणाल्या. "शेजारीपाजारी बोलतात म्हणून तर चोर सापडतात. त्या कोपऱ्यावरच्या घरात चोर शिरला तेव्हा मीच आरडाओरडा केला ना?"

"केलात. कारण तुम्ही चोर पाहिला होता. पाहिलं ते सांगायलाच हवं. २०२१ मध्ये अमेरिकेतच एक बावीस वर्षांची मुलगी तिच्या मित्राबरोबर गाडीतून देश फिरायला निघाली आणि गायब झाली. त्याही वेळी घरबसल्या गुप्तहेरांची जत्रा भरली. पण खरा उपयोग झाला तो एका कुटुंबाचा. तेही फिरायला गेलेले, वायोमिंगच्या जंगलात. त्यांनी गाडीतून काढलेलं स्वतःचं चित्रण पुन्हा बघितलं आणि त्यात तिची पांढरी व्हॅन रस्त्याकडेला उभी दिसली. दिवस, जागा, चित्रण, सगळं त्यांनी पोलिसांना दिलं. त्याच भागात पुढे मुलगी सापडली. त्यांनी मित्र कसा होता, मुलीचं लग्न ठरलं होतं की मोडलं होतं, यावर शब्द काढला नाही. व्हॅन दिसली, एवढंच."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे बडबडत राहिले. शिवाय त्याच वायोमिंगमध्ये २०११ ते २०२० या काळात मूळनिवासी समाजाची ७१० माणसं हरवल्याची नोंद आहे. त्यांच्या मागे कुठला गुप्तहेर लागला? तर्क करायलासुद्धा लोक मुलगी निवडून घेतात. चेहरा फोटोत छान यायला हवा."

काकू जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सगळं खरं मानलं. दाराला बटण, झाकण उघडं, जिना बाहेरून. पण ती दडत कुणापासून होती? बाहेर कोणी नव्हतं तर ती डोकावून बघत काय होती? याचा कोण मिस्त्री आहे तुझ्याकडे?"

याला माझ्याकडे फक्त कागद होता. जूनमध्ये शवचिकित्सेचा अहवाल आला. बुडून अपघाती मृत्यू. मारहाणीच्या खुणा नाहीत, नशेचे पदार्थ नाहीत. आणि महत्त्वाचा घटक म्हणून नोंदवलेला बायपोलर आजार, मनाची भरती-ओहोटी टोकाला जाणारा. गोळ्या चालू होत्या, पण रक्तावरून दिसत होतं की डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घेतल्या जात नव्हत्या. हॉटेलात आधी ती इतर मुलींबरोबर एका खोलीत होती. तिचं वागणं विचित्र वाटतंय अशी तक्रार त्या मुलींनी केली, म्हणून तिला वेगळी खोली दिली. म्हणजे लिफ्टच्या आधीपासून तिचं काहीतरी बिनसत चाललं होतं.

"गोळ्या सोडल्यावर होतं तसं," काकू एकदम म्हणाल्या.

आवाज बदलला होता. मी बघत राहिले.

"माझी मावसबहीण. कवठ्याची. तुला सांगितलं नाही कधी. लग्नाआधी तिला असं व्हायचं. चार रात्री झोपायची नाही, सारखी बडबड, सगळ्यांना साड्या वाटून टाकायची. आणि मग भीती. परसदाराच्या कवाडाआड उभी राहायची, पाठ भिंतीला लावून. हळूच डोकं बाहेर काढायची, अंगणात बघायची, पुन्हा आत. अंगणात कुणी नसायचं गं. आम्ही विचारायचो, काय बघतेस? बोटाने गप्प करायची आम्हाला. अगदी... अगदी त्या पोरीसारखी." काकूंनी हातातली काडी टाकली. "गाव म्हणायचं, वडाखालचं लागलंय. देवऋषी झाले, लिंबू झाली. कुणी म्हणायचं कुणाबरोबर तरी भानगड असेल, घरच्यांनी मारून दाबली असेल, म्हणून अशी करते. तिच्या आईचं ऐकून घ्यायचं बळ संपलं होतं. शेवटी मामांनी मिरजेला डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या लागल्या. बरी झाली, मास्तरीण झाली. गोळ्या सोडल्या की पुन्हा कवाडाआड. हे मला माहीत होतं. रात्रभर ते बघत होते आणि मला कवाड आठवलं नाही, भूत आठवलं!"

"म्हणजे मिस्त्री तुम्हीच निघालात काकू."

"मिस्त्री कसली. माहीत असून उपयोग काय? ती कवठ्यात होती, घरात. दहा माणसं पाळतीवर. ही बिचारी एकटी, परमुलखात, चौदा मजल्यांच्या हॉटेलात. गच्चीवर का गेली, टाकीत का उतरली, कुणापासून लपायला की आणखी कशाला, हे तिच्या मनात गेल्याशिवाय कुणाला कळणार नाही."

"मग ते तेवढं सोडून द्यायचं," काका म्हणाले. "नाही कळत, असं म्हणायला कुणाच्या बापाचं जातं? चौकशी करायचीच तर हॉटेलला विचारावं, टाकीच्या झाकणाला कुलूप का नव्हतं? पाच मिनिटांचं काम. कडी, कोयंडा, कुलूप. आईवडिलांचा दावा २०१५ मध्ये कोर्टाने फेटाळला, असं कुणी टाकीत उतरेल हे हॉटेलला आधी कळणं शक्य नव्हतं म्हणून. कायद्याने ठीक असेल. पण मी खात्यात असतो तर उघड्या टाकीबद्दल साहेबाने माझी पगारवाढ रोखली असती."

"होय का," काकू कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे वळल्या. "आणि आपल्या गच्चीवरच्या टाकीचं झाकण गेल्या पावसाळ्यात वाऱ्याने उडालं, त्यावर तुम्ही पत्र्याचा तुकडा आणि वीट ठेवलीय, त्याचं काय? परवा नातू वर पतंग काढायला चढला होता. खात्याला कळवू?"

काकांनी चष्मा घातला, खिशातला मोजायचा टेप चाचपला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "सूनबाई, स्टेशन रोडला हार्डवेअरचं दुकान किती वाजता उघडतं?"

"दहाला. झाकणाचा व्यास मोजून न्या, नाहीतर दोन फेऱ्या होतील."

"आणि कुलूप दोन किल्ल्यांचं आणा," काकूंनी मागून बजावलं. "एक किल्ली या भिंतीपलीकडे राहू दे. तुमच्या हातून एक हरवणार, याला काही तर्क लागत नाही. मी पाहिलंय."